पायांची वल्ही

आमची पिढी पोहायला शिकली ती पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीवरची कानडी पोरे त्याला सोरेबुरुडे म्हणत, आम्ही भोपळा. पाणी मात्र दोघांच्याही नाकातोंडात सारखेच जाई. भोपळा माणसाला तरंगत ठेवतो, पुढे नेत नाही. तरंगणे निराळे आणि सरकणे निराळे, एवढे त्या वयातही कळले होते. पण ह्या सरकण्याला केवढा इतिहास आहे हे कळण्यासाठी मला साठी उलटल्यावर अमेरिकेतल्या एका तळ्याच्या मध्यावर अडकून पडावे लागले.

तरंगण्याचा इतिहास तसा फार जुना. निमरूदच्या राजवाड्यातील, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असिरियन शिल्पपटांवर फुगवलेल्या कातड्याला कवटाळून नदी ओलांडणारी माणसे कोरलेली आहेत. मशक, भोपळ्यांची सांगड आणि ट्रकची ट्यूब ही सारी एकाच कुळातली. आमच्याकडच्या धरणांच्या पाण्यात ट्यूबवर बसून जाळे लावणारे भोई मी पाहिले आहेत. हातातल्या लहानशा फळीने ते पाणी मागे सारतात आणि जाळे सोडायची वेळ आली की फळी मांडीखाली दाबतात. हात एकतर वल्ह्याला, नाहीतर जाळ्याला. गळ टाकणाऱ्याची अडचण तर त्याहून मोठी, कारण त्याचे दोन्ही हात सदाच काठी आणि दोरीत गुंतलेले. मग वल्हे बांधायचे कुठे? उरले पाय.

पायांना वल्हे बांधण्याचा एक जुना प्रयोग केला तो बेंजामिन फ्रँकलिनने. हा पुढे विजेच्या पतंगामुळे आणि राजकारणामुळे जगाला ठाऊक झाला, पण बॉस्टनमधला हा पोरगा पोहण्याचा भारी शौकीन. १७०६ चा त्याचा जन्म. लहानपणी त्याने चित्रकाराच्या रंगफळीसारख्या दोन लंबगोल फळ्या केल्या होत्या, सुमारे १० इंच लांब आणि ६ इंच रुंद. अंगठा जाण्यापुरते एक भोक. त्या हातांत धरून तो जोरात पोहे, पण मनगटे दुखून येत. तळपायांना सपातांसारखे काही बांधूनही त्याने पाहिले. ते मात्र त्याच्या मनास आले नाही. पोहताना रेटा नुसत्या तळव्याने बसत नाही, तो पावलाची आतली बाजू आणि घोटा यांनीही बसतो, असे त्याच्या ध्यानात आले. मला ह्या पोराचे कौतुक वाटते ते ह्या निरीक्षणासाठी. फळी कितीही चांगली असो, ती पायाला धरते कशी, यावर सारे अवलंबून.

ही गाठ सुटायला रबर यावे लागले. लुई द कॉर्लिय नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली पोहण्याच्या रबरी परांचे पेटंट घेतले. पुढे ओवेन चर्चिल हा अमेरिकन त्यात पडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारा हा गृहस्थ. ताहिती बेटावरच्या लोकांना पायाला पर बांधून पोहताना त्याने पाहिले आणि १९४० साली आपले फिन बाजारात आणले. पहिल्या वर्षी हजार जोडही खपले नाहीत. मग युद्ध पेटले. ब्रिटिश आणि अमेरिकन आरमारातले बुडी मारणारे सैनिक तेच फिन घालून पाण्यात उतरू लागले, आणि युद्धानंतर ती वस्तू समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरासोरांपर्यंत पोचली. मोटारींच्या युगात रबरी ट्यूबा तर मुबलक होत्याच. ट्यूबेला कॅनव्हासची गवसणी, मध्ये पाय सोडून बसायला झोळी, आणि पायांत फिन. झाला एका माणसाचा पडाव.

माझ्या पुतण्याने मला असल्याच एका पडावात बसवले. त्याचे फिन मला बरे वाटले. पाय सहज आत गेला. तिथेच चूक झाली. समुद्रात बुडी मारणारा पालथा पोहतो, कमरेपासून पाय हलवतो आणि पुढे जातो. ट्यूबेतला माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, गुडघ्यापासून लाथ झाडतो आणि पाठमोरा मागे सरकतो. पाण्याचा सारा भार पावलाच्या वरच्या बाजूवर येतो, आणि फिन सैल असला की प्रत्येक लाथेबरोबर टाच आतून उचलली जाते, पट्टा इंचाइंचाने खाली घसरतो. तासाभराने वारा सुटला, मी जोर केला, आणि डावा फिन गेला. काळा रबर, काळे पाणी. अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून बुडण्याचे भय नव्हते. पण एका पायाने लाथ मारली की ट्यूब गिरकी घेई आणि तेवढ्यात वारा मला आणखी आत नेई. शेवटी गळाच्या आकड्यांचा डबा उघडून त्याचे झाकण डाव्या हातात धरले, आणि उजव्या पायाच्या लाथेबरोबर त्याने पाणी पुढे लोटत राहिलो. काठाला लागायला दीड तास लागला. धरणातल्या भोयांची फळी त्या दीड तासात किती वेळा आठवली, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तो छातीपर्यंतची रबरी विजार आणि तिच्यावरचे निओप्रीनचे जाड मोजे घालूनच. लोक बघत होते, बघोत. अनवाणी पायाला बसणारा फिन त्या मोज्यावर चढतच नाही, आणि रक्त अडेल इतका घट्ट घेतला तर थंड पाण्यात पोटरीत गोळा येतो. बोटे आत जराशी हलली पाहिजेत, टाच मात्र हलता कामा नये. लांब पात्याचे फिन मी हातात घेऊन परत ठेवले. ते समुद्राचे, बसून मारायच्या लाथेला ते गुडघा दुखवतात आणि काठच्या शेवाळात गुंततात. आखूड, रुंद, जरा ताठ पात्याचे आणि मागे उघड्या टाचेचे, बकलाच्या पट्ट्याचे घेतले. पट्टा आवळून मी तिथल्याच खुर्चीवर बसलो आणि हवेत पन्नास लाथा झाडल्या. टाच जागची हलली नाही.

तळ्यावर फिन काठालाच चढवले आणि पाठमोरा चालत पाण्यात उतरलो. फिन घालून पुढे चालू गेले की पाते दुमडते आणि माणूस तोंडावर पडतो. पुतण्याने घोट्यापासून फिनपर्यंत एकेक दोरी बांधून दिली होती. गाठ मी पुन्हा एकदा स्वतः ओढून पाहिली.