हॉवर्थ : गाव आणि त्याच्या वाटा

हॉवर्थ : इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशर परगण्यातील पेनाइन डोंगरांच्या पूर्व उतारावरचे गाव. कीथ्ली या गिरणगावाच्या दक्षिणेस सुमारे ५ किमी. आणि ब्रॅडफर्डच्या पश्चिमेस सुमारे १६ किमी. गाव वर्थ नदीच्या खोऱ्यात मोडते; मात्र जुनी वस्ती खाली पाण्याशी नसून उंच चढावर आहे. त्याहून वर गेले की हेदर आणि गवताचे उघडे माळ लागतात. शार्लट, एमिली आणि ॲन या ब्रॉन्टे भगिनींमुळे गावाचे नाव जगभर झाले, आणि त्यांच्या कादंबऱ्यांमुळेच हॉवर्थ म्हणजे जगापासून तुटलेले, वाऱ्यात उभे असलेले खेडे, असा समजही रूढ झाला. हा समज खरा नाही. त्या काळचे हॉवर्थ धुराचे, गर्दीचे आणि रोगराईने गांजलेले उद्योगाचे गाव होते, आणि त्याच्या वाटांवर रहदारी होती.

यांतील सर्वांत जुन्या वाटा माळावरून जातात. हॉवर्थच्या वरच्या माळावरील ‘लायमर्स गेट’ या वाटेने चुन्याच्या गोण्या लादलेले तट्टूंचे तांडे दक्षिणेच्या काल्डर खोऱ्यात उतरत. खोऱ्यांच्या तळाशी दलदल असे, म्हणून माथ्यावरून चालणेच सोयीचे. अठराव्या शतकात ब्रॅडफर्डहून हॉवर्थमार्गे लँकशरमधील कोल्नच्या बाजूला जाणारा टोलरस्ता झाला, आणि लोकर व कापड गाड्यांवरून जाऊ लागले. लीड्स-लिव्हरपूल कालवा मात्र एअर नदीच्या खोऱ्यातून, कीथ्लीच्या जवळून निघून गेला. वर्थच्या खोऱ्यातील चढ त्याला झेपण्यासारखा नव्हता. पुढे बराच काळ हॉवर्थच्या गिरण्यांना कोळसा घोड्यांच्या बळावरच वर चढवावा लागे.

गावातली मेन स्ट्रीट याची साक्ष देते. चढ इतका उभा की तिच्या फरसबंदीत लांबट दगड आडवे बसवलेले आहेत, म्हणजे त्यांच्या सांध्यांत घोड्यांचे खूर अडकून पाय घसरणार नाही. एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ साली शार्लटचे चरित्र लिहिले, त्यात या दगडांचा उल्लेख आहे. त्या चरित्राची सुरुवातच एअर खोऱ्यातील लोहमार्ग, कीथ्ली स्थानक आणि तिथून हॉवर्थला येणारा सुमारे ६ किमी.चा चढता रस्ता यांनी होते. प्रतिभेची जन्मकथा सांगायला बसलेल्या लेखिकेला आधी रस्ता सांगावासा वाटला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

हॉवर्थ पूर्वी स्वतंत्र धर्मप्रांत नव्हते. ब्रॅडफर्डच्या मोठ्या प्रांताचा तो एक भाग होता. १७४२ ते १७६३ या काळात विल्यम ग्रिमशॉ हे इथले धर्मगुरू होते. त्यांच्या प्रवचनांना लांबलांबून माणसे येत आणि मेथॉडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली इथे अनेकदा आले. १८२० च्या एप्रिलमध्ये ब्रॉन्टे भगिनींचे वडील पॅट्रिक ब्रॉन्टे थॉर्नटनहून सहा मुलांसह या जागी आले. आज संग्रहालय असलेले त्यांचे घर १७७८-७९ मधले आहे. गावात तेव्हा वर्स्टेड लोकरीचा धंदा होता. सूत काढण्याआधी लोकर विंचरावी लागे. तिच्यासाठी लोखंडी फण्या तापवायच्या, म्हणून विंचरणाऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांत दिवसरात्र शेगड्या पेटलेल्या असत आणि खिडक्या बंद. पॅट्रिक ब्रॉन्टे यांच्या पाठपुराव्यामुळे १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज (गणनयंत्राचा विचार करणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांचे चिरंजीव) सरकारतर्फे आरोग्यपाहणीला आले. त्यांच्या अहवालानुसार गावातील मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे होते आणि ४१ टक्क्यांहून अधिक मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. माळावरच्या स्वच्छ हवेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा अहवाल जरूर पाहावा.

लोहमार्ग हॉवर्थला येण्याच्या कितीतरी आधी तो ब्रॉन्टे घराण्यात शिरला होता. ब्रॅनवेल हा भाऊ डोंगरापलीकडच्या मँचेस्टर-लीड्स मार्गावर १८४० पासून कारकून होता. १८४१ मध्ये लुडेंडन फुट स्थानकाचा कारभार त्याच्याकडे आला. पुढच्या वर्षी हिशेबात ११ पौंड १ शिलिंग ७ पेन्स कमी भरले आणि त्याची नोकरी गेली. मावशीच्या मृत्यूनंतर मिळालेले पैसे बहिणींनी यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेच्या समभागांत गुंतवले. त्यांची देखरेख एमिली करी. ‘रेल्वेचा राजा’ म्हणवला जाणारा जॉर्ज हडसन १८४९ मध्ये कोसळला, आणि हे समभागही घसरले.

एअर खोऱ्यातला मार्ग कीथ्लीपर्यंत १८४७ मध्ये आला. तो कसा उपयोगी पडला, ते पुढच्याच वर्षी दिसते. तिन्ही बहिणी टोपणनावांनी लिहीत, आणि हे तीन लेखक प्रत्यक्षात एकच आहेत असा बोभाटा एका प्रकाशकाने केला. खुलासा करायला शार्लट आणि ॲन ७ जुलै १८४८ रोजी निघाल्या. सामानाची पेटी गाडीने कीथ्लीला पाठवली, चहा घेतला आणि वादळात चालत स्थानक गाठले. लीड्सहून रात्रीची गाडी, सकाळी लंडन. कॉर्नहिलच्या कचेरीत शार्लटने जॉर्ज स्मिथ या आपल्या प्रकाशकाच्या हातात त्याचेच पत्र ठेवले. हे पत्र तुम्हाला कुठे मिळाले, असे विचारण्याची पाळी त्याच्यावर आली.

हॉवर्थच्या स्वतःच्या लोहमार्गाला कारण झाला तो पर्यटक. १८६१ मध्ये जॉन मॅक्लँड्सबरो हे स्थापत्य अभियंते शार्लटला आदरांजली वाहण्यासाठी गावात आले, आणि इथे गाडी येत नाही याचे त्यांना नवल वाटले. गिरणीमालकांना कोळसा स्वस्तात हवाच होता. १८६२ मध्ये संसदेचा कायदा झाला आणि १८६४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष आयझॅक होल्डन यांच्या हस्ते काम सुरू झाले. हे होल्डन म्हणजे लोकर विंचरण्याचे यंत्र सुधारून हातविंचरणीचा धंदा बसवणाऱ्यांपैकी एक. मार्ग अवघा ८ किमी.च्या आतबाहेर, तरी अडचणींना तोटा नव्हता. इंग्रोच्या बोगद्यात वाळू ढासळली, वरच्या वेस्लियन प्रार्थनामंदिराच्या भिंतींना तडे गेले आणि १८६६ च्या नोव्हेंबरमधील पुराने बांध वाहून नेला. नकाशांचा एक भाग गायीने खाल्ला, असेही सांगतात. एप्रिल १८६७ मध्ये कीथ्ली ते ऑक्सनहोप अशी गाडी सुरू झाली. ब्रॉन्टे घराण्यातले कोणीही ती पाहायला उरले नव्हते. पॅट्रिक ब्रॉन्टे १८६१ मध्येच वारले होते.

मार्गावर कीथ्ली, इंग्रो, डॅमेम्स, ओकवर्थ, हॉवर्थ, ऑक्सनहोप ही स्थानके. डॅमेम्सचा फलाट जेमतेम एका डब्याचा. गाड्या सुरुवातीपासून मिडलंड रेल्वे चालवी. १८८१ मध्ये तिने कंपनीच विकत घेतली. ओकवर्थजवळ तलावावरून जाणारा लाकडी पूल प्रवाशांच्या जिवाला घोर लावी. तो टाळून १८९२ मध्ये मिथोम्सच्या छोट्या बोगद्यातून नवा फाटा काढला. पुढच्या काळात बस आली, गिरण्या मंदावल्या, आणि ब्रिटिश रेल्वेने प्रवासी वाहतूक १८६७ पासूनची गणती शंभरीला पोचण्याआधीच, १९६१ च्या अखेरीस बंद केली. १९६२ मध्ये मालगाडीही थांबली.

त्याच वर्षी स्थानिकांनी जतन संस्था काढली, मार्ग हप्त्यांनी विकत घेतला आणि २९ जून १९६८ रोजी तो पुन्हा सुरू केला. त्यानंतर सहा-सात आठवड्यांतच ब्रिटिश रेल्वेने आपली शेवटची वाफेची गाडी चालवली. त्यामुळे देशभरातले इंजिनप्रेमी हॉवर्थकडे वळले. इंजिने ठेवण्याचा आणि दुरुस्तीचा अड्डाही हॉवर्थ स्थानकालगतच आहे. १९७० मध्ये ‘द रेल्वे चिल्ड्रन’ या चित्रपटाचे चित्रण ओकवर्थला झाले. तिथे आजही फलाटावर गॅसचे दिवे लागतात. मिथोम्सचा बोगदाही या चित्रपटामुळेच प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला.

ब्रॉन्टे सोसायटीची स्थापना १८९३ ची. धर्मगुरूंच्या घरातील संग्रहालय १९२८ पासून खुले आहे. ब्रॉन्टे कुटुंबाच्या वेळचे चर्च मात्र आता नाही : १८७९-८१ मध्ये मनोरा तेवढा ठेवून ते नव्याने बांधले. पश्चिमेच्या माळावरील टॉप विदन्स या पडक्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर इंग्रजीबरोबर जपानी भाषेतही पाट्या आहेत. एमिलीच्या कादंबरीतील घराशी या पडक्या घराचे साम्य नाही, असे तिथल्या फलकावरच लिहिले आहे; तरी माणसे चढतातच. १९६५ मध्ये खुली झालेली पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट याच घराजवळून जाते. जुलै २०१४ मध्ये टूर द फ्रान्स शर्यतीचे सायकलस्वारही हॉवर्थमधून गेले.

प्रशासनाच्या दृष्टीने गाव १९३८ मध्ये कीथ्लीत विलीन झाले आणि १९७४ पासून ब्रॅडफर्ड महानगर जिल्ह्यात आहे. लीड्स वा ब्रॅडफर्डहून विजेच्या गाडीने कीथ्लीला यावे. त्याच स्थानकाच्या दुसऱ्या भागातील फलाटांवरून जतन संस्थेची गाडी सुटते. हॉवर्थला उतरल्यावर गावात जायला चांगलाच चढ चालावा लागतो, कारण रूळ तळाशी आणि वस्ती वर. मात्र ही गाडी पर्यटकांची आहे. वर्षातले सगळे दिवस ती धावत नाही. कामाला किंवा शाळेला कीथ्लीला जाणारे गावकरी बस पकडतात, आणि हीच बससेवा पुढे ऑक्सनहोपवरून डोंगर ओलांडून हेब्डन ब्रिजलाही जाते.