हत्ती की डुक्कर?

श्रोतेहो, आजीच्या पेटीत एखादा राजाछाप रुपया निघाला, तर सोनाराकडे मोडीत घालण्याआधी त्याचे साल बघा. १९११ असेल तर थांबा. पंचम जॉर्जचा हा पहिला रुपया. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती कोरलेला आहे. पण सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना ते डुक्करच वाटले! मुसलमान समाजात मोठी नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांपैकी ७ लाखच बाहेर पडले होते. उरलेले सरकारने वितळवले आणि १९१२ साली हत्ती नव्याने कोरला.

दोष ठशातला, म्हणून त्या सालच्या दर रुपयावर तो सापडतो. छापताना चकती सरकली, तर बिघडते ते एकटे नाणे. पुढच्या सालांच्या रुपयावर सोंड दिसली नाही, तर ती बहुधा नुसती झिजलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवा. मागल्या बाजूस खालच्या कमळाखाली ठिपका असला तर रुपया मुंबईच्या टांकसाळीचा, नसला तर कलकत्त्याचा.

आणि हो, चिंचेने घासू नका. रुपया चकाकेल, पण सोंडेची बारीक रेघ जाईल.