फ्लुओरेस : एका क्रियापदाची जन्मकथा

इंग्रजीत 'फ्लुओरेस' असे एक क्रियापद आहे. प्रयोगशाळेबाहेर ते क्वचितच भेटते. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटून गाळलेले हिरवे द्रावण उन्हात धरून बाजूने पाहिले, तर ते लालसर दिसते. वर्गात हे दाखवताना आम्ही सहज 'चमकते' म्हणून गेलो. लगेच प्रश्न आला, "म्हणजे आरशासारखे?" प्रश्न रास्त होता. आरसा चमकतो, काजवा चमकतो, वीजही चमकते. येथे मात्र द्रावण एका रंगाचा प्रकाश शोषते आणि जवळजवळ त्याच क्षणी दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकते.

हे क्रियापद ज्या नामावरून आले, ते १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी घडवले. पानांच्या अर्कातील लाली डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३३ मध्ये नोंदवली होती. पाण्यासारख्या रंगहीन क्विनीन सल्फेटच्या द्रावणावरची निळी झाक जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये वर्णिली होती. स्टोक्स यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि क्विनीनच्या द्रावणाची नळी तांबड्या टोकाकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. बराच वेळ काहीच विशेष घडले नाही. जांभळ्या टोकाशी निळी प्रभा उमटली आणि वर्णपट संपून डोळ्यांना अंधारच दिसतो, तेथेही नळी उजळलेलीच राहिली! अदृश्य किरण आत शिरत होते व अधिक तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश होऊन बाहेर पडत होते.

आधीची नावे स्टोक्स यांना पटेनात. ओपल खनिजावरून जसे 'ओपलेसन्स', तसे फ्लुओरस्पारवरून 'फ्लुओरेसन्स' हे नाव त्यांनी एका तळटीपेत सुचवले. क्रियापद नंतर या नामाचे शेपूट छाटून तयार झाले. गंमत म्हणजे मूळ लॅटिन धातूचा प्रकाशाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ वाहणे. धातू गाळताना हे खनिज भट्टीत टाकले की मळी पातळ होऊन वाहू लागे, म्हणून ते नाव. शिवाय शुद्ध फ्लुओरस्पार उजळतही नाही. त्यातील युरोपियमसारख्या अशुद्धी उजळतात.

मराठीत अनुस्फुरण, प्रतिदीप्ती ही नामे आहेत. सोपे क्रियापद मात्र रुळलेले नाही, आणि मुलांना निरीक्षण लिहिताना नेमके तेच लागते. आमच्या वर्गातील एका मुलीने वहीत लिहिले, 'द्रावण ऊन गिळते आणि लाल ओकते.' आम्ही ते खोडले नाही. ऊन काढून घेतले की लाली लगेच जाते, एवढे पुढे लिहायला सांगितले.