चर्च नावाची पाटी

आपल्याकडे देव आधी येतो आणि नोंदणी मागाहून. पिंपळाखालच्या दगडाला कुणीतरी शेंदूर लावतो. पुढे वर पत्रे येतात, मग सभामंडप होतो, आणि वर्गणीवरून पहिले भांडण झाले की एखादा जाणता म्हणतो, आता ट्रस्ट करून घ्या. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत घटना, उद्देश, विश्वस्तांची यादी असा कागद दाखल होतो. दगडाचे त्यावाचून काही अडलेले नसते, माणसांचे अडलेले असते.

१० ऑक्टोबर १९१८ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात असाच एक कागद नोंदला गेला. संस्थेचे नाव ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’. राज्यातल्या निरनिराळ्या इंडियन जमातींची ख्रिस्ती धर्मश्रद्धा जोपासणे, आणि ती ‘पेयोटी सॅक्रमेंट’सह जोपासणे, असा तिचा उद्देश. आज कुणी अयाहुआस्काचा काढा, कुणी मशरूम मध्यभागी ठेवून धर्मसंस्था काढू पाहतो. ते सारे या एका कागदाचे वंशज आहेत. काही औरस, काही ओढूनताणून लावलेले.

पेयोटी हा बिनकाट्यांचा बुटका निवडुंग. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या आसपास आणि पलीकडे मेक्सिकोत तो उगवतो. जमिनीसरशी असलेला शेंडा कापून वाळवला की बटणासारखी चकती होते, आणि तिला बटणच म्हणतात. चव जहाल कडू. खाणाऱ्याला बहुधा आधी मळमळते आणि नंतर रंग दिसू लागतात. त्याच्यावरची बंदी फार जुनी आहे. मेक्सिकोतल्या इन्क्विझिशनने १६२० सालीच हुकूम काढून त्याला सैतानाच्या खात्यात टाकले होते. त्यातले मेस्कलिन वेगळे काढले आर्थर हेफ्टर या जर्मन रसायनतज्ज्ञाने, १८९७ साली, आणि ते स्वतःवरच वापरून पाहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायोवा, कोमांची वगैरे जमाती राखीव क्षेत्रांत कोंबल्या गेल्या. शिकार संपली होती, आणि १८८३च्या सरकारी नियमांनी जुने नाच नि वैदूंचे विधी गुन्हा ठरवले होते. या मोडलेल्या घडीत पेयोटीची रात्र रुजली. शनिवारी संध्याकाळी टिपीत, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूत, शिरायचे. मध्ये मातीची चंद्रकोर रचलेली, तिच्यावर एक मोठे पेयोटी आणि पुढे विस्तव. विधी चालवणारा तो ‘रोडमन’, वाट दाखवणारा. पाणी भरलेला ढोल, भोपळ्याचा खुळखुळा आणि काठी हातोहात फिरत राहतात, प्रत्येकजण आपापली गाणी म्हणतो. पहाटे एक बाई पाणी आणते, मग मका, फळे, मांस असा नाश्ता होतो. जॉन विल्सन नावाच्या कॅडो माणसाने यात ख्रिस्ती रंग बराच मिसळला. कोमांचींचा पुढारी क्वाना पार्कर याने या विधीला राजकीय पाठबळ दिले. ओक्लाहोमातली १८९९ची बंदी १९०८ साली उठली, त्यात त्याच्या रदबदलीचा मोठा वाटा होता.

सरकारी अधिकारी मात्र हटले नव्हते. विल्यम जॉन्सन नावाचा एक कट्टर दारूबंदीवाला विशेष अधिकारी होता, चोरपावलांनी धाडी घालतो म्हणून टोपणनाव ‘पुसीफूट’. १९०९ साली त्याने टेक्सासमधल्या लरेडो इथला व्यापाऱ्यांकडचा साठाच विकत घेतला, १,७६,४०० बटणे, आणि जाळून टाकला. कायद्याचा आधार इंडियनांना दारू विकण्यावरच्या बंदीचा. पण निवडुंग म्हणजे दारू कशी? १९१६ साली साउथ डकोटात हॅरी ब्लॅक बेअर याच्यावरचा खटला याच मुद्द्यावर कोसळला. मग पुढची पायरी उघड होती, पेयोटीचे नाव घालून नवाच कायदा करायचा. युटा, कोलोरॅडो आणि नेव्हाडा या राज्यांनी तो १९१७ साली केला.

ओटो जमातीच्या जोनाथन कोशिवेला हे येणार याचा वास आधीच आला असावा. ख्रिस्ती पंथांत वावरलेल्या या माणसाने १९१४ साली ओक्लाहोमात ‘फर्स्टबॉर्न चर्च ऑफ क्राइस्ट’ नोंदवले. चर्च म्हटले की गोरा अधिकारी दारातच टोपी काढतो, हे त्याने ओळखले होते. पण कागदावर पेयोटीचा उल्लेख त्याने केला नाही. मला ही धूर्तता वाटत नाही, अर्धे धाडस वाटते. उरलेले अर्धे चार वर्षांनी पुरे झाले.

१९१८च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये हेडन विधेयकावर सुनावणी झाली, देशभर पेयोटीबंदी करावी म्हणून. बंदीच्या बाजूने साक्ष द्यायला आली गर्ट्रूड बॉनिन, म्हणजेच झिटकाला-शा, यांक्टन जमातीची लेखिका. ती सरकारची बाहुली नव्हती. लोक विष खाऊन नासतात अशी तिची प्रामाणिक खात्री होती. समोर उभा जेम्स मूनी, स्मिथ्सोनियन संस्थेचा मानववंशशास्त्रज्ञ, १८९१पासून कायोवांच्या रात्री पाहिलेला. त्याने बॉनिनबाईंचा वर्तमानपत्रातला फोटो घेऊन समितीला सांगितले, की यातला झगा दक्षिणेकडच्या जमातीचा, पट्टा नवाहो आणि हातातला पंखा तर पेयोटीच्या विधीत पुरुष वापरतात तो. हा शेरा बोचरा होता आणि थोडा कोताही. गोरा तज्ज्ञ इंडियन बाईला इंडियन कसे दिसावे ते शिकवतो आहे, हे आज वाचताना खटकते.

विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. पण धोका टळला नव्हता. मूनी ओक्लाहोमाला परतला आणि त्याने निरनिराळ्या जमातींच्या लोकांना सल्ला दिला: संस्था नोंदवा. त्यातून तो ऑक्टोबरचा कागद झाला, पहिला अध्यक्ष पोंका जमातीचा फ्रँक ईगल.

या कागदातला शब्द न् शब्द तोलून घातलेला आहे. ‘सॅक्रमेंट’ला मराठीत एक शब्द नाही. गोव्या-वसईकडे साक्रामेंत म्हणतात, आपण प्रसाद म्हणू, पण प्रसाद पूजेनंतर वाटतात आणि इथे तोच पूजेच्या मध्यभागी आहे. या एका शब्दाने निवडुंग थेट द्राक्षरसाच्या पंगतीला जाऊन बसला. ‘नेटिव्ह अमेरिकन’ची मौज वेगळीच. १८४०च्या दशकात याच नावाचा एक पक्ष होता, स्थलांतरितांविरुद्ध बोंबा मारणाऱ्या गोऱ्या प्रोटेस्टंटांचा. आता ते नाव ज्यांचे होते त्यांनी घेतले, आणि तेही अशा वेळी, जेव्हा सगळ्या इंडियनांना अजून नागरिकत्वही नव्हते. ते मिळाले १९२४ साली.

मूनीला याची किंमत मोजावी लागली. त्याला राखीव क्षेत्रातून बाहेर काढले, तिथे पुन्हा संशोधन करू दिले नाही, आणि १९२१ साली तो वारला.

चर्च मात्र पसरत गेले. १९४४ साली नावात ‘युनायटेड स्टेट्स’ आले, १९५५ साली ‘नॉर्थ अमेरिका’. सगळे इंडियन बाजूने होते असेही नाही. नवाहोंच्या परिषदेने १९४० साली स्वतःच्या भूमीवर पेयोटीबंदी केली आणि ती १९६७पर्यंत टिकवली. १९६४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नीडल्सजवळच्या वाळवंटात पकडलेल्या काही नवाहोंना सोडले. पेयोटी काढून घेतले तर या धर्माचा गाभाच जातो, असे न्यायालयाचे म्हणणे. लवकरच अमली पदार्थांच्या केंद्रीय नियमांतही या चर्चला सूट मिळाली.

मग रांग लागली. साठचे दशक ते. आर्ट क्लेप्स याने ‘निओ-अमेरिकन चर्च’ काढले, नाव कुठून उचलले ते सांगायला नको. पुरोहितांचे नाव ‘बूहू’, मुख्य बूहू स्वतः क्लेप्स, चिन्ह तीन डोळ्यांचा बेडूक, स्तोत्रांत लहान मुलांचे ‘रो, रो, रो युवर बोट’. १९६८ साली हे प्रकरण वॉशिंग्टनमध्ये न्यायमूर्ती गेसेल यांच्यापुढे गेले. त्यांनी धर्मग्रंथ वाचला आणि हा धर्म मानायला नकार दिला. पुढे वायोमिंगमध्ये मारिह्वानाचे चर्च आले, भांगेच्या रोपावरचे एक पुस्तक हेच त्यांचे बायबल. तेव्हा न्यायालयाने धर्म ओळखायच्या खुणाच मांडल्या: संस्थापक, ग्रंथ, जमायची जागा, जाणते, विधी, सण, आहाराचे नियम, पोशाख. कोशिवेने आडोसा म्हणून घेतलेल्या शब्दाचा आता साचा झाला होता. खरी मेख अशी, की या मोजपट्टीवर आपली कित्येक ग्रामदैवते नापास होतील.

१९९० साली मूळ पेयोटीवरच घाव बसला. ओरेगनमधले आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक, दोघेही व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक. विधीत पेयोटी घेतले म्हणून नोकरी गेली, मग बेकारभत्ताही नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिले, की सर्वांना सारखा लागू असलेला कायदा धर्माच्या नावावर टाळता येत नाही. याने सगळ्याच पंथांचे धाबे दणाणले. १९९३ साली काँग्रेसने धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा केला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी. पुढच्या वर्षी पेयोटीला वेगळे संरक्षण मिळाले, पण ते मान्यताप्राप्त जमातींच्या इंडियनांना. धर्म म्हणून मागितलेले अखेर वंश म्हणून मिळाले.

धर्म म्हणून मिळाले ते तिसऱ्यालाच. ब्राझीलमधला रबराचा चीक काढणारा मजूर जोझे गाब्रिएल दा कोस्टा याने १९६१ साली ‘उनियाओ दो वेजेताल’ स्थापला होता. त्यांचा काढा ‘होआस्का’, म्हणजे अयाहुआस्काच. अमेरिकेतल्या शाखेत जेमतेम १३० माणसे, प्रमुख जेफ्री ब्रॉन्फमन, सीग्राम मद्यकंपनीच्या घराण्यातला. १९९९ साली सरकारने त्यांची पिंपे जप्त केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पंथाच्या बाजूने कौल दिला. एकाला सूट दिली तर सगळे मागतील, हे सरकारचे रडगाणे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ऐकले नाही. लाखो इंडियनांना पेयोटीची सूट देऊन पस्तीस वर्षे झाली, तेव्हा काय बिघडले, असा त्यांचा सवाल. ओक्लाहोमातला कागद असा अठ्ठ्याऐंशी वर्षांनी परक्यांच्या कामी आला.

आज अमेरिकेत चर्च नोंदवायला फारसे काही लागत नाही. राज्याच्या कचेरीत अर्ज आणि फी दिली की झाले. मात्र त्या नोंदणीने काढ्याचा एक घोटही कायदेशीर होत नाही, हे कित्येकांना अटक झाल्यावर कळते. त्यासाठी अमली पदार्थ खात्याकडे वेगळा अर्ज, नाहीतर खटला. २००९ साली त्या खात्याने अर्जाच्या सूचना काढल्या. श्रद्धा काय, विधी कसा, प्रसाद किती आणि कुठून आणता, सगळे शपथेवर लिहून द्यायचे. आणि निकाल येईपर्यंत विधी बंद ठेवायचा.