मळवलीचे दगड आणि चोवीस ब्रश

गेल्या शनिवारी सकाळची लोकल पकडून लोणावळ्याला गेलो. मामा तुंगार्लीत राहतो, त्यामुळे आमच्यासाठी लोणावळा म्हणजे टायगर पॉइंट नाही, मामीच्या हातचं पिठलं. पण या वेळी मला खास बोलावणं होतं. मामेबहिणीचा फोन: "दादा, तू चार दिवस रिव्ह्यू वाचून मोबाइल घेतोस ना, तसे मला ब्रश निवडून दे."

ब्रश म्हणजे मेकअपचे. दोन वर्षं पार्लरमध्ये काम करून तिने सहा हजार बाजूला टाकलेत आणि आता तिला स्वतःची पहिली ऑर्डर मिळालीय. नवरी ओळखीतलीच. लहानपणी भाजल्याचा डाग आहे तिच्या गालावर. तिची अट एकच, फोटोत डाग ठळक दिसू नये, पण चेहरा मात्र माझाच वाटला पाहिजे. आली का पंचाईत! ज्याला आयुष्यात दाढीच्या ब्रशपलीकडे काही माहीत नाही त्याने यात काय दिवे लावायचे? पण सवयीप्रमाणे आधी इतिहासात शिरलो, आणि शिरलो तो थेट मामाच्या घराजवळच बाहेर निघालो.

पुण्याहून येताना लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. कार्ले-भाजे लेण्यांना जाणारे तिथे उतरतात. याच मळवलीत राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, मग इकडे हलला, पुढे श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती बहुधा याच घराण्यातली. त्या चित्रांची छपाई दगडावर व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गालावरची सावली एका फटकाऱ्यात येत नसे. कारागीर दगडावर बारीक ठिपके देत, कुठे दाट तर कुठे विरळ, आणि एकावर एक रंग छापत गेलं की लक्ष्मीचा गाल गोल दिसू लागे. (आमच्या भाषेत सांगायचं तर लेयर्स आणि पिक्सेल.)

या छापखान्यासाठी काम केलेला एक माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला गेला. तेच हे दादासाहेब. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात दिग्दर्शनापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं त्यांनी पाहिलं आणि रंगभूषाही त्यांचीच. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, जे एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. बाकीच्या 'नट्यां'नी मिश्या काढायला नकार दिल्याची गंमत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त तुम्ही पाहिली असेलच.

पण खरी अडचण मिशीपेक्षा मोठी होती. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं, निळं ते पांढरं. म्हणजे नाटकातल्यासारखी गालाला लाली फासली तर पडद्यावर गाल खपाटीला गेलेले दिसणार! आणि त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांची रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या रसिकालाही दिसायला हवी होती, तर फाळक्यांचा कॅमेरा समोरच उभा. एकाच साली, एकाच भाषेत, पुरुषाला बाई करायच्या दोन वेगळ्या रीती. कोण किती लांबून आणि कशातून पाहणार यावर रंग ठरतो, आणि रंगावर हत्यार.

हत्यार म्हणजे ब्रशच असं मुळीच नाही हं. आपल्या आज्या-पणज्यांच्या फणेरपेटीत ब्रश नव्हता. आधी बोटाने मेण लावायचं, मग त्यावर कोरडं कुंकू. आज याला प्रायमर म्हणून पैसे घेतात! पुढे हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरचा पॅनकेक आला तोही ओल्या स्पंजाने लावायचा. १९३८ मध्ये नायलॉनचे केस बाजारात आले ते आधी टूथब्रशमध्ये, तोंड रंगवायच्या आधी दात घासायला. :-)

असो. ब्रशकडे येऊ. प्राण्याच्या केसावर बारीक खवले असतात, त्यात कोरडी पावडर अडकते आणि हळूहळू सुटते. म्हणून पावडरला तो चांगला. पण ओलं फाउंडेशन तो पिऊन टाकतो. कृत्रिम केस गुळगुळीत, त्यामुळे क्रीम आणि लिक्विडला तोच बरा, धुवायलाही सोपा. आता चांगले कृत्रिम केस पावडरही बऱ्यापैकी उचलतात.

बाजारातल्या दुकानदाराने चोवीस ब्रशचा चामडी पाकिटातला संच पुढे केला. वर हळूच म्हणाला, "असली केस पाहिजेत तर मुंगसाचे पण देतो." मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचा ब्रश विकणं गुन्हा आहे. चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसं मारली जातात म्हणून २०१९ मध्ये देशात छापेही पडले होते. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो.

तिथे सातच ब्रश घेतले, सगळे कृत्रिम केसांचे. मोठा मऊ एक पावडरला, एक गालाला. डोळ्यांसाठी दोन, त्यातला एक निमुळता, कडा विरवायला. तिरका बारीक एक भुवईला, चपटा छोटा एक डागावर कन्सीलर दाबायला. आणि सातवा तो, ज्याच्यावर मी अडून बसलो होतो: विरळ टोकांचा, ठिपके देणारा. डागावर रंग घासला की आधीचा थर निघतो. ठिपक्या-ठिपक्याने पातळ थर चढवले तर टिकतो आणि त्वचा त्वचेसारखी दिसते. मळवलीच्या दगडावर तेच चालायचं की! तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "दादा, हे आम्हाला पार्लरमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात." घ्या!

उरलेल्या पैशांत चांगला कन्सीलर आणि ब्रश धुवायचा साबण आला. (धुतल्यावर ब्रश आडवा वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी धातूच्या पट्टीत उतरतं, गोंद सुटतो आणि केस नवरीच्या गालावर.)

रविवारी दुपारी चाचणी झाली. माझ्या हनुवटीवर क्रिकेटच्या बॉलची जुनी खूण आहे, तीच नमुना. खिडकीच्या उजेडात खूण गायब! फ्लॅश मारून फोटो काढला तर हनुवटी चुन्यासारखी पांढरी. पावडर बदलली, पुन्हा फोटो. तिसऱ्या खेपेला जमलं. मामी म्हणाली, "आता स्थळं बघायला हरकत नाही."

संध्याकाळची लोकल पकडायच्या घाईत तोंड धुवायचं राहिलं. मळवली गेल्यावर समोरच्या आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून विचारलंच, "नाटकात काम करतोस का रे बाळा?"