त्या दिवशी तू कुठे उभी होतीस?

आत्याला "चूक कोणाची होती?" असं विचारू नका. ते विचारलंत तर ती तुम्हाला भाषण ऐकवेल, आणि ते भाषण तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलंच आहे. विचारा, "त्या दिवशी तू कुठे उभी होतीस?" ती क्षणभर तुमच्याकडे बघते, मग सांगते, "कुठे म्हणजे? गॅलरीत." आणि तुम्ही लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर पोचता.

तारीख २१ नोव्हेंबर १९५५. तुम्ही आठ वर्षांचे आहात. कठड्यावरून पलीकडचं दिसत नाही, म्हणून गजांमधून बघताय. सोमवार असूनही चाळीतले पुरुष पाळीला गेलेले नाहीत. गिरणगावात हरताळ आहे. खाली रस्त्यावर माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं फोर्टाकडे. घोषणा एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

मोठ्यांचं बोलणं तुम्हाला अर्धमुर्धं कळतं. दिल्लीच्या कुठल्याशा आयोगाने महाराष्ट्र आणि गुजरात यांचं एकच राज्य करा आणि विदर्भ वेगळा काढा, असं म्हटलं होतं. ते कोणालाच पटलं नाही. मग काँग्रेसने तीन तुकड्यांची योजना काढली, त्यात मुंबई शहर वेगळं. काल चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा होती. ती लोकांनी उधळली. आज सगळे कौन्सिल हॉलवर चाललेत, कारण आमदार तिथे बसलेत. वडील खांद्यावर पंचा टाकून जिना उतरतात. आई दारातून विचारते, "जेवायला येताय ना?" ते "हो" म्हणतात.

मोर्चा कौन्सिल हॉलपर्यंत पोचत नाही. फ्लोरा फाउंटनला पोलीस अडवतात. लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळ्या. त्या दिवशी तिथे १५ माणसं मेली. पण हे सारं तुम्हाला पुढे कधीतरी पुस्तकातून कळणार आहे. आत्ता तुम्ही गॅलरीत आहात आणि तुम्हाला एवढंच दिसतं, की वडील उशिरा जिना चढून आले, डोळे लालभडक, पायात एकच चप्पल. आई पाण्याचा तांब्या पुढे करते. कोणी काही विचारत नाही. पंचाला कसलातरी झणझणीत वास येतो आणि तुमच्याही डोळ्यांना पाणी सुटतं.

सत्तर वर्षांनी आत्याला आधी आठवते ती चप्पल. नोंदीत गोळीबाराची तारीख सापडते, मृतांचा आकडा सापडतो. चप्पल फक्त तिच्यापाशी आहे.

आता दुसरा प्रश्न विचारा, "त्या दिवसांत घरात शिजायचं काय?" इतका साधा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसतो. ती हसते. "पेज," म्हणते.

तुम्ही जानेवारी १९५६ मध्ये आहात. १६ तारखेला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलंय, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. चाळीत रेडिओ एकाच बिऱ्हाडात. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बाहेरचे आतल्यांना विचारतात, "काय म्हणाले?" आणि आतून उत्तर येत नाही. त्यानंतरचे दिवस संचारबंदीचे. दळण आणायला चक्की उघडी नाही, म्हणून भाकरी नाही. डब्यातले तांदूळ पुरवून पुरवून पेज होते. दूध येत नाही. शेजारचं तान्हं रात्रभर रडतं आणि सगळी चाळ ते ऐकत जागी असते. कठड्यापाशी दिसलात की पाठीत धपाटा बसतो. रस्त्यात नसलेल्यांनाही गोळी लागल्याच्या बातम्या एका चाळीतून दुसरीत येतात. गोळीचा आवाज फटाक्यासारखाच असतो, हे तुम्हाला इथे कळतं. दिवाळीत आत्या दार का लावून घेते, हेही इथेच कळतं.

गिरगाव, लालबाग, परळ, सगळीकडे हेच चालू आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात एवढी माणसं गेली, की १०५ हा आकडा महाराष्ट्राच्या तोंडी बसला. पुढच्या याद्यांमध्ये तो १०६ आणि १०७ झाला.

तिसरा प्रश्न अवघड आहे. तो पहिल्या भेटीत विचारू नका. "खालच्या मजल्यावर कोण राहायचं?"

आत्या आधी नावं सांगते: कोकणातलं एक कुटुंब, साताऱ्याकडचं एक, आणि कोपऱ्यावर गुजराती वाणी. ती थांबते. तुम्हीही थांबा. खाली रस्त्यावर वाण्याच्या दुकानाची फळी मोडलेली आहे, तेल फरशीवर सांडलंय. वाण्याची मुलगी तुमच्याबरोबर सागरगोटे खेळायची. ती आता जिन्यात येत नाही. दुकान कोणी फोडलं हे आत्याला ठाऊक आहे. ती माणसं चाळीतलीच होती आणि त्यांतल्या एकाने तिला गणपतीत खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवली होती. हे ती आजवर बोललेली नाही, कारण लढा न्याय्य होता आणि ती तो आजही न्याय्यच मानते. दोन्ही गोष्टी तिने इतकी वर्षं एकाच मनात सांभाळल्या. त्यांतली एक तिला टाकायला लावू नका.

तिला सांगण्यासारखं तुमच्याकडेही काही असू द्या. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत, स्वतःचं राज्य मागणाऱ्या गुजराती विद्यार्थ्यांवर काँग्रेस भवनासमोर गोळीबार झाला. वाण्याच्या नात्यातल्या पोरांनीही तेच भोगलं. आणि मुंबईच्या हुतात्म्यांची यादी वाचून दाखवा. तिची सुरुवात सीताराम बनाजी पवार यांच्या नावाने होते, आणि पुढे जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल डी. शेठ आहेत, के. जे. झेवियर, पी. एस. जॉन आहेत. चिमणलाल शेठ हे नाव ऐकून आत्या कदाचित ते पुन्हा वाचायला सांगेल.

सांगता सांगता ती चुकेलही. जानेवारीतल्या गोळीबाराची बातमी अत्र्यांच्या 'मराठा'त वाचल्याचं ती शपथेवर सांगेल. दैनिक 'मराठा' निघाला १५ नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधी अत्रे 'नवयुग'मधून लिहीत होते. वडील हुतात्मा चौकातून पळत आले, असंही ती म्हणेल. पण तो चौक त्या दिवशी फ्लोरा फाउंटनच होता, नाव नंतरचं. तिथल्या तिथे चूक काढू नका. तारीख तुमच्या वहीत नीट लिहा आणि तिचं वाक्यही तिच्याच शब्दांत लिहा. वडील रोज संध्याकाळी 'मराठा' मोठ्याने वाचायचे, म्हणून त्या आवाजात तिला त्याआधीच्या गोळ्याही ऐकू येतात. घटना कधी घडली हे कागदावरून कळतं. ती घटना घरात किती वर्षं राहिली, हे अशा चुकांमधूनच कळतं.

त्या मोर्चात चाललेली माणसं आता जवळजवळ सगळी गेली. उरलेत ते त्या वेळचे गजांमधून बघणारे, आणि त्यांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. पुढाऱ्यांची आत्मचरित्रं आहेत, शाहिरांची गाणी आहेत, विधिमंडळातली भाषणं छापून ठेवलेली आहेत. गॅलरीतल्या मुलीची साक्ष मात्र कोणी लिहून घेतलेली नाही, आणि दंगलीत, संचारबंदीत, गोळीबारात शहरातली बहुतेक माणसं गॅलरीतच असतात. लोकांनी ते दिवस कसे काढले, शेजारी कसे तुटले, कोणी कोणाला तांदूळ दिले, हे त्यांच्याशिवाय सांगणारं कोणी नाही. हे ठाऊक नसलेली पिढी पुढच्या दंगलीला फक्त घोषणा घेऊन सामोरी जाते.

१ मे १९६० ला राज्य झालं, म्हणून त्या दिवशी तुम्हाला सुट्टी असते. यंदाची सुट्टी आत्याच्या घरी घालवा. फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी तिला विचारा. एकच दिवस, एकच जागा, एकच प्रश्न. ती गप्प झाली तर तो तिच्या उत्तराचाच भाग समजा, आणि दुसरा प्रश्न विचारायची घाई करू नका.