शिवणकाम करणारी बाई आणि शंभर वर्षं न सापडलेला बग

मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. आजची गोष्टही एका बगचीच आहे, फक्त तो सापडायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

साल १८९५. अमेरिकेतल्या मिशिगनमधलं अ‍ॅन आर्बर. शिवणकाम करणारी एक बाई डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना म्हणाली, की आमच्या घरात माणसं कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ मध्ये छापली. घराण्याला नाव दिलं 'फॅमिली जी'. ती बाई? पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली.

१९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशीच आणखी दोन घराणी मांडली. तरी बऱ्याच डॉक्टरांना आनुवंशिकतेचं हे म्हणणं पटत नव्हतं.

पुरावा मिळाला १९९३ मध्ये, गाठीच्या तुकड्यातच. पेशी डीएनएची कॉपी करते तेव्हा चुका होतात, आणि काही जीन्स त्या दुरुस्त करतात. आपल्या ऑटोकरेक्टसारखंच. तेच बंद पडलं की चुका साचत जातात. फॅमिली जीमध्ये बिघडलेला जीन एमएसएच२ होता, हे २००० साली कळलं.

आज आतड्याच्या बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात, पातळ काप काढतात आणि दुरुस्तीची चार प्रथिनं आहेत का ते बघतात. एखादं गायब असलं म्हणजे दोष आनुवंशिकच, असं नाही बरं का! कधी तो फक्त त्या गाठीपुरताच असतो. म्हणून पुढे रक्ताची जीन टेस्ट करतात.

उपचारही इथूनच बदलतात. इतक्या चुका असलेली गाठ आपल्या प्रतिकारशक्तीला परकी वाटू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा गाठींसाठी पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. गाठ कुठल्या अवयवात आहे यावर नाही, तर तिच्यातल्या या दोषावर!

तर मंडळी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर निघाला तर डॉक्टरांना एवढंच विचारा: एमएमआर किंवा एमएसआय टेस्ट झाली का? दोष आनुवंशिक निघाला, तर तो सख्ख्या भावंडांत असण्याची शक्यता निम्मी. त्यांची कोलोनोस्कोपी वेळेत झाली, तर कॅन्सर होण्याआधीच पॉलिप काढता येतो.

त्या बाईला हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला आहे. भेटू पुढच्या भागात!